शांत गल्ली कोणासाठी?



मागच्या रविवारी माझ्या धाकट्या जावेचा मुलगा पेढे घेऊन आला. घर ठरवलंय म्हणाला. मोबाइलवर फोटो दाखवले. दुमजली बंगला, पुढे चार फुलझाडं, फाटकाला पितळी कडी, समोर रिकामा डांबरी रस्ता. "काकू, गल्ली इतकी शांत आहे ना, दुपारी पाखरांचा आवाज ऐकू येतो. गाडी नाही, फेरीवाला नाही, कुणाची कटकट नाही."

मी पेढा घेतला आणि चार प्रश्न विचारले. बस्ती किती लांब? भाजी कुठे मिळते? पावसाळ्यात जागा पाहिली का? आणि तुझ्या आईने घर पाहिलं का?

चारही प्रश्नांना एकच उत्तर आलं. "काकू, गाडी आहे की!"

गाडी आहे, ती त्याची. सकाळी नऊला ती त्याच्याबरोबर जाते आणि रात्री आठला त्याच्याबरोबर येते. मधले अकरा तास त्या शांत गल्लीत माझी जाऊ राहणार आहे. तिचं वय बासष्ट, गुडघे दुखतात, गाडी चालवता येत नाही. तिला अजून कुणी घर दाखवलेलंसुद्धा नाही. "आईला सरप्राइज द्यायचंय."

मी जरा जास्तच बोलले. घरात सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. चांगल्या कामात अक्का खोडा घालते, असं झालं. म्हणून जे त्या दिवशी नीट सांगता आलं नाही, ते आज इथे लिहिते. माझं म्हणणं सरळ आहे. घर घेताना 'शांत गल्ली' हा गुण म्हणून मोजणं आपण बंद केलं पाहिजे. निदान त्या गल्लीत दिवसभर राहणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय तरी नक्कीच.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी स्वतः अशा गल्लीत अठरा वर्षं काढली आहेत.

आमचं जुनं घर सांगलीत पेठेत होतं, पहिल्या मजल्यावर. खाली दुकानं, जिना अंधारा, संडास मागच्या बाजूला. २००५ च्या पुरात खालचं सगळं बुडालं. आमचं दुकानही गेलं. पाणी ओसरल्यावर चिखल काढता काढता आमचे हे म्हणाले, आता बस्स, बाहेर पडू. २००६ साली आम्ही शहराच्या कडेला, पेठेपासून पाच किलोमीटरवर एक बंगला घेतला. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मीही खूश होते, खोटं कशाला सांगू? स्वच्छ स्वयंपाकघर, स्वतःचं अंगण, दारात तुळस आणि मोगरा. रात्री बँड नाही, पहाटे हातगाड्यांचा खडखडाट नाही. पहिले सहा महिने मी सुखात झोपले.

मग हळूहळू एकेक गोष्ट सुटत गेली.

पहिलं सुटलं ते रोजचं दर्शन. पेठेत बस्ती घरापासून दीडशे पावलांवर होती. दूध चुलीवर ठेवून, जावेला लक्ष ठेव म्हणून सांगून मी अभिषेकाला जाऊन यायची. नव्या घरातून रिक्षा जाऊन-येऊन आजच्या दराने एकशे वीस रुपये घेते. मी बी.कॉम. झालेली बाई, हिशेब आपोआप होतो. महिन्याचे तीन हजार सहाशे, वर्षाचे त्रेचाळीस हजार दोनशे. देवदर्शनाला एवढा खर्च कुठली बाई घरात मागेल? मी मागितला नाही. रोजचं दर्शन आठवड्यातून दोनदा झालं, मग अष्टमी-चतुर्दशीला, मग कुणी गाडीने नेलं तर. घरखर्चाच्या वहीत रिक्षाचा आकडा कधी मोठा दिसला नाही, कारण मी जाणंच सोडलं होतं. वही पाहून कुणालाही वाटेल की या घराने काहीच खर्च वाढवला नाही. जे गेलं त्याला वहीत रकानाच नव्हता.

दुसरं सुटलं ते यांचं सूर्यास्तापूर्वीचं जेवण. दुकान पेठेतच राहिलं होतं. पूर्वी साडेपाचला जिना चढून हे वर यायचे, ताटावर बसायचे, सहाला परत गल्ल्यावर. थंडीत सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. पाच किलोमीटर येऊन जेवून परत जाणं रोज कसं जमणार? काही दिवस डबा दिला. दुकानात गिऱ्हाईक असलं की डबा तसाच राहायचा. मग एक दिवस हे रात्री नऊला घरी येऊन जेवले. मग ती सवय झाली. लग्नापासून पंचवीस वर्षं पाळलेला नियम कुणी ठरवून मोडला नाही, घराच्या अंतराने मोडला. सासूबाई असत्या तर त्यांनी त्या बंगल्यात पाऊल ठेवलं नसतं.

तिसरं सुटलं ते चौका लावणं. चातुर्मासात मुनिसंघ यायचा तेव्हा पेठेत आमच्या दारात पडगाहनाला उभं राहण्याचं भाग्य किती वेळा मिळालं! आहारचर्येला महाराज पायी निघतात, बस्तीपासून जवळच्या घरांत चौके लागतात. पाच किलोमीटरवरच्या बंगल्यात शुद्ध पाणी, शुद्ध सोवळं, सगळी तयारी असून काय उपयोग? माझं नवं स्वयंपाकघर जुन्यापेक्षा दसपट स्वच्छ होतं आणि त्यातून एकदाही आहारदान झालं नाही.

आता कुणी म्हणेल, अक्का, मग पेठेतला गोंगाट बरा का? तो अंधारा जिना बरा? बरा नव्हता. लग्नसराईत रात्री बारापर्यंत चालणारे भोंगे मी विसरलेले नाही. परीक्षेच्या दिवसांत माझी मुलगी कानात कापूस घालून अभ्यास करायची. म्हाताऱ्या माणसाला तो जिना चढवणं म्हणजे शिक्षा होती. उजेड, हवा, झोप या खऱ्या गरजा आहेत. त्या मागणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. माझं भांडण एवढंच आहे की शांततेला आपण फुकट समजतो. तिची किंमत कुणीतरी देतं आणि बहुतेक वेळा ती घरातली बाई देते. खरेदीच्या किमतीत ती कुठे दिसत नाही.

शिवाय एखादी गल्ली शांत का आहे, हे विचारायची आपल्याला सवय नाही.

आमची गल्ली दोन कारणांनी शांत होती. पहिलं कारण कळायला मला तीनेक वर्षं लागली. चौदा बंगल्यांपैकी पाच कायम बंद असायचे. कुणाची मुलं पुण्याला, कुणाची बेंगळुरूला. कुणी पैसे गुंतवायचे म्हणून घेऊन ठेवलेला. त्या पाचांपैकी तीन आपल्याच समाजाचे. कुलपाला गंज, अंगणात गवत, पाण्याच्या टाकीत डास. पाखरांचा आवाज ऐकू येतो तो अशा ठिकाणी!

आपण दर पर्युषणात परिग्रहावर प्रवचन ऐकतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रह-परिमाणव्रताचे अतिचार सांगितले आहेत, त्यात सोन्या-चांदीच्याही आधी क्षेत्र आणि वास्तु येतात, म्हणजे जमीन आणि घर. आपण बायका दागिन्यांचं परिमाण घेतो, साड्यांचं घेतो, भाज्यांचंसुद्धा घेतो. घरांचं परिमाण घेतलेला श्रावक मी फार क्वचित पाहिला. ज्यात कुणी राहणार नाही, दिवा लागणार नाही, असं दुसरं-तिसरं घर घेऊन कुलूप लावायचं आणि त्याला गुंतवणूक म्हणायचं. ते कुलूप शेजारच्या बाईलाही एकटं पाडतं, हे त्या मालकाच्या मनातही येत नाही.

दुसरं कारण मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळलं. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. पेठेत पाणी आलंच, ते येणार हे सगळ्यांना माहीत होतं. पण पुराला भिऊन आम्ही जिथे आलो होतो, तिथेही आलं. आमची गल्ली सखल. आजूबाजूचं पाणी ज्या ओतातून पूर्वी वाहायचं, त्यावरच भर टाकून प्लॉट पाडलेले. शहराच्या कडेला जाणं म्हणजे उंचावर जाणं, असं आम्ही धरून चाललो होतो. दूध घालणारा गवळी नंतर मला म्हणाला, "काकू, आमच्या आज्याच्या काळापासून इथं पावसाळ्यात म्हसरं डुंबायची." हे २००६ साली त्याला कुणी विचारलंच नव्हतं. एजंटाला विचारलं होतं.

पेठेत आम्ही पहिल्या मजल्यावर होतो. इथे तळमजल्यावर. कमरेपर्यंत पाणी आलं. रात्रीची वेळ, वीज गेलेली, यांना दम्याचा त्रास. मी फाटकाशी उभी राहून हाका मारल्या. पाच घरं बंद, बाकीचे गाड्या काढून आधीच नातेवाइकांकडे गेलेले. कुणी ऐकायला नव्हतं. शांत गल्ली! शेवटी तोच गवळी आणि त्याच्या वस्तीतली दोन पोरं ट्रॅक्टर घेऊन आली आणि आम्हाला बाहेर काढलं. ज्या वस्तीचा आवाज नको, वास नको म्हणून आमच्या गल्लीने टोकाला भिंत घातली होती, तिथून ती आली. भिंतीला वळसा घालून यावं लागलं म्हणून अर्धा तास उशीर झाला.

हे लिहिताना मला लाज वाटते, कारण त्या भिंतीची वर्गणी आम्हीही दिली होती. आपल्यात घर बघताना एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तिकडे सगळे आपलेच लोक आहेत." आपले लोक जवळ असावेत हे मलाही वाटतं. आताच मी बस्तीसाठी रडले. पण बस्तीजवळ राहणं वेगळं आणि दुसरं कुणी जवळ नको म्हणून भिंत घालणं वेगळं. माझ्या स्वयंपाकघरात काय शिजेल आणि पाणी कसं गाळलं जाईल, ते मी ठरवते. त्यासाठी गवळ्याच्या पोराने कुठे राहू नये, हे ठरवायची मला गरज नाही. पेठेत आमच्या जिन्याखाली सगळ्या जातींची दुकानं होती आणि माझा एकही नियम त्यांच्यामुळे मोडला नाही. मोडला तो 'आपल्या' गल्लीत.

आता कागदांचं बोलते. आपल्या पोरींना हे कुणी शिकवत नाही.

शहराच्या कडेची स्वस्त आणि शांत जागा बघताना जमीन बिगरशेती झाली आहे का, लेआउट मंजूर आहे का, हे आधी बघा. सांगलीसारख्या गावांत गुंठेवारीचे प्लॉट पुष्कळ. २००१ साली त्यांना नियमित करण्याचा कायदा झाला, पण कायदा झाला म्हणजे तुमचा प्लॉट आपोआप नियमित झाला असं नाही. त्याचा दाखला हातात हवा. ७/१२ किंवा प्रॉपर्टी कार्डावर विकणाऱ्याचंच नाव आहे ना, कर्जाचा बोजा नाही ना, हे बघा आणि वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा. तिथे करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. आणि नदीकाठच्या गावात पूररेषेचा नकाशा मागा. निळ्या रेषेच्या आत घर घ्यायचंच नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये असेल तर तळमजल्यावर आपली म्हातारी माणसं ठेवायची का, ते स्वतःला विचारा. हे सगळं शोधायला मोठं शिक्षण लागत नाही. किराणा भरताना आपण डाळीचा प्रत्येक दाणा बघतो. साठ लाखांचं घर फोटोवर घेतो.

आणि शेवटचं, नावाचं.

२००६ साली खरेदीखत झालं त्या दिवशी मी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात होते. सही करायला नव्हे. यांना बाहेरचं चालत नाही म्हणून डबा घेऊन गेले होते. दोन तास बाकावर बसले. साक्षीदार म्हणून एजंटाच्या ओळखीचा कुणी माणूस चालला. ज्या बाईचा जन्म त्या घरात जायचा होता, तिच्या सहीची कुणाला गरज वाटली नाही. वाईट याचं वाटतं की मलाही वाटली नाही.

आता काळ बदलला, असं म्हणतात. २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. साठ लाखांच्या घराला साठ हजार वाचतात. असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही, अशी अट आधी होती, तीही २०२३ मध्ये काढली. त्यामुळे आता घरोघरी बायकोच्या, आईच्या नावाने दस्त होऊ लागले. चांगलंच आहे. पण मैत्रिणींनो, साठ हजारांसाठी नाव लावलं आणि घर निवडताना मत विचारलं नाही, तर ते नाव म्हणजे सवलतीचं कूपन झालं. तुमच्या नावावर घर असेल तर तुम्ही मालक आहात. मालकाला जागा न बघता सही करायची काय घाई? कर्जात सहअर्जदार म्हणून सही केली तर हप्त्याची जबाबदारीही तुमची, हेही समजून घ्या.

आणि मृत्युपत्र करा. वारसाच्या बाबतीत आपल्या जैनांना हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ लागू होतो. बाईने स्वतः घेतलेलं घर असेल आणि ती मृत्युपत्र न करता गेली, तर पहिला हक्क मुलगे, मुली आणि नवरा यांचा. ते कुणीच नसतील तर घर आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. तुमच्या मनात काही वेगळं असेल तर ते लिहून ठेवा. मनातलं कायद्याला दिसत नाही.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग घ्यायचं तरी कुठे? बस्तीजवळ जागा उरली नाही, उरली ती परवडत नाही. खरं आहे. मी पेठेत परत चला म्हणत नाही. माझं मागणं एवढंच आहे की इसार देण्याआधी घरातल्या बाईने त्या जागी जाऊन यावं, गाडीने नव्हे, पायी. भर दुपारी बारा वाजता एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा. घरापासून बस्तीपर्यंत, भाजीपर्यंत, डॉक्टरपर्यंत, रिक्षा मिळते तिथपर्यंत चालावं आणि मिनिटं वहीत लिहावीत. जमलं तर पावसाळ्यात एक चक्कर मारावी. गल्लीतल्या किती घरांत संध्याकाळी दिवा लागतो, ते मोजावं. दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला विचारावं की इथे पाणी भरतं का. मग होय म्हणा किंवा नाही म्हणा, पण म्हणणारी तुम्ही असा. आणि ज्यांच्याकडे कुलूप लावलेलं दुसरं घर आहे त्यांनी ते निदान भाड्याने द्यावं. शेजारणीला सोबत होईल.

आम्ही दोन वर्षांपूर्वी तो बंगला विकला. आता एका साध्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो. लिफ्ट आहे. खाली पिठाची गिरणी आहे, सकाळी दहापासून तिची घरघर सुरू होते. बस्ती सात मिनिटांवर. हे साडेपाचला घरी येतात. अठरा वर्षांत मोडलेला नियम परत लागायला पंधरा दिवससुद्धा लागले नाहीत.

काल रात्री जावेचा फोन आला. सरप्राइज फुटलं होतं. माझ्यावर रागावली असेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "अक्का, मी आणि सूनबाई आज जाऊन आलो. मुद्दाम पायी चाललो. बस्ती एक्केचाळीस मिनिटं. वाटेत बसायला कट्टासुद्धा नाही." मी विचारलं, मग काय ठरलं? म्हणाली, "अजून काही नाही. पोरगा गप्प आहे. सूनबाई म्हणाली, इसार महिनाभर थांबवू, आणखी दोन जागा बघू. मी पण येणार बघायला."

थांबू दे महिनाभर. जय जिनेंद्र.